पायाखालचा माणूस

सलाला, ओमान
२ मे १९९७

अरे कणारा,

चटई धुऊन वाळत घाल. मी येतोय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे कर्कटक महिना संपायच्या आत, तुझ्या कळरीच्या, आपल्या त्या जुन्या आखाड्याच्या, उंबऱ्यावर हजर. रजा मंजूर झाली, म्हणजे माझी मीच केली. चहाचं दुकान महिनाभर पुतण्या सांभाळेल आणि बुडवेल.

कमरेचा पार भुगा झालाय रे. दिवसभर त्या चहाच्या भांड्यापुढे उभं राहायचं. उठताना मी असा काही आवाज करतो की गिऱ्हाईक विचारतं, ‘काय तुटलं?’ इथे एक इजिप्तचा मालिशवाला आहे. गेलो होतो. हातांनी चोळतो! तेही कणीक मळल्यासारखं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, आमच्या पालोळीत कणारन गुरुक्कळ म्हणून कळरीचा गुरू आहे. तो आढ्याच्या दोराला धरून उभा राहतो आणि तेल लावलेल्या पाठीवरून मानेपासून टाचेपर्यंत एका दमात पाय फिरवतो. उठलं की माणूस दोन बोटं उंच झालेला असतो. त्याला वाटलं मी थापा मारतोय. पैसे मात्र पूर्ण घेतले.

काल दुपारी पडल्या पडल्या तुझा केळूमामा आठवला. आपण दोघं शेजारी शेजारी पालथे. त्याचा पाय माझ्या डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली यायचा, तिथेच थांबायचा, आणि तो म्हणायचा, ‘इथे लपलाय चोर.’ मी एकदा ‘आई गं’ केलं तर केवढा ओरडला! ‘पायाखालचा माणूस बोलत नाही. त्याचं जे काय असेल ते पायाला कळतं.’ आणि तू चटईच्या आडून मला चिमटा काढला होतास, मी पुन्हा ओरडावं म्हणून. ते मी विसरलेलो नाही.

तो चोर अजून तिथेच आहे. तुझ्या पायाची वाट बघतोय. तुझ्या लेकीला, वनजाला सांग, काका येताना तिच्या बालवाडीच्या पोरांना खजूर आणतील.

तुझा,
पोक्कर

*

पालोळी, वडकरा
२४ मे १९९७

पोक्करा,

पत्र मिळालं. बरं वाटलं.

पण यंदा पावसात नको येऊस. कळरीचं छप्पर गळतंय, झावळ्या बदलायच्यात, माणसं मिळत नाहीत. दोरही जुने झालेत. डिसेंबरात ये ना. हवा छान असते, मासळी भरपूर. कर्कटकात आलास तर मालिशीचं पथ्य म्हणून पेज पीत बसशील आणि मला शिव्या देशील. मागच्या वेळी तू माझ्या विहिरीमागे लपून तळलेले बांगडे खाल्लेस, ते वनजाने मला नंतर सांगितलं बरं का.

इथली खबर विशेष नाही. वनजाचं बरं चाललंय. नवरा मंगळुरूहून शनिवारी येतो, रविवारी जातो. माझा भाचा सुगुणन बंगळुरूत संगणकावर काम करतो. मामाची विद्या भाच्याने घ्यायची आपल्याकडची रीत, पण त्याला ओणमला नुसता नमस्कार करायलाही वाकवत नाही, इतका सुटलाय.

गंमत सांगतो. परवा बाजारात टॅपिओका आणायला गेलो आणि घरी आलो तर एका पायात चप्पलच नाही! डावी चप्पल बाजारातच कुठे तरी राहिली. भर उन्हात डांबरी रस्त्याने तसाच चालत आलो. मासेवाली पात्तू दुसऱ्या दिवशी ती चप्पल काठीला टांगून दारात उभी. ‘गुरुक्कळ, देव भरतासाठी ठेवून गेला होता, तुम्ही कुणासाठी?’ सगळी गल्ली हसली. मीही हसलो.

मामाची आठवण काढलीस. मलाही हल्ली फार येते. त्याचा पाय खडबडीत होता, पण पाठीवर आला की रेशमासारखा. कसा काय, कोण जाणे. मी त्याला विचारायला हवं होतं.

डिसेंबरात ये.

कणारन

*

सलाला
१५ जून १९९७

कणारा,

चप्पल विसरलास? या वयात? अरे कोण आहे ती, नाव तरी सांग! दुकानात मी सगळ्यांना तो किस्सा ऐकवला. आपला एक कण्णूरचा ट्रकवाला तर हसता हसता चहा सांडून बसला.

झालं हसून. आता खरं बोलतो.

तुझ्या छपराची मला काळजी नाही. ते मी आपल्या लहानपणापासून गळताना बघतोय. आपण छत्री टांगून मालीश केलेलं आहे. मग यंदाच काय झालं? माझ्या बहिणीचा पोरगा परवा आला, तो सांगत होता की गुरुक्कळ मेष महिन्यापासून, म्हणजे एप्रिलपासून, कुणाला हात, म्हणजे पाय, लावत नाहीत. आलेल्या माणसाला दारातून परत पाठवतात. आणि तीनदा म्हणे पांढरी जीप आली आणि तुला घेऊन गेली.

मी काय दूधखुळा आहे? समुद्रकाठी ते नवं हॉटेल झालंय ना, गोऱ्या पाहुण्यांचं. तिथे गेलास. जा. त्यांची मऊ गादी, सुवासिक तेल, आणि केळूमामाचा पाय. पण मग मला सरळ लिहायचं होतंस, की पोक्करा, आता तुझी ती जुनाट, चहाचा वास मारणारी पाठ माझ्या पायाला चालत नाही. छप्पर कशाला मध्ये आणतोस?

पन्नास वर्षांत तू मला ‘येऊ नको’ कधी म्हणाला नव्हतास. देवू वहिनी गेली तेव्हासुद्धा तू म्हणालास, ‘ये, बस.’ आणि आता डिसेंबर दाखवतोस.

मी येत नाही. ऑगस्टातही नाही आणि डिसेंबरातही नाही. खजूर टपालाने पाठवतो.

पोक्कर

*

पालोळी
३ जुलै १९९७

पोक्करा,

तुझं पत्र वाचून आधी संताप आला, मग हसू आलं. मग डोळे भरले, आणि वनजा दारातून बघतेय म्हणून मी उठून विहिरीवर गेलो.

हॉटेल म्हणे! ती जीप वनजाच्या नवऱ्याच्या मित्राची. मी कोळिकोडच्या इस्पितळात जात होतो.

माझा डावा पाय बधीर झालाय.

हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले, म्हणून पुढचं एका दमात लिहितो. मागच्या ओणमच्या सुमारास बोटांना मुंग्या यायला लागल्या. वाटलं, फार वेळ मांडी घालून बसलो असेन. त्या जाईनात. मग आग व्हायला लागली, पांघरुणाचा स्पर्शही नको वाटे. मग एक दिवस आगही गेली आणि तिच्याबरोबर तळवाही गेला. म्हणजे आहे. दिसतो, चालतो. पण जाडजूड मोजा घालून वावरावं तसं वाटतं. फरशी गार की गरम, पत्ता नाही. तेल लावताना हाताला तेल कळतं, पायाला कळत नाही. चप्पल निसटली ती अशी. घरी आलो तर तळव्याला लिंबाएवढा फोड. वनजाने बघितला आणि आपल्या बापाला म्हणाली, ‘अच्छन, हे तुम्हाला दुखत नाही?’ मी म्हटलं, नाही.

बधीर पाय म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या मनात पहिलं काय येतं ते तुला सांगायला नको. माझ्याही मनात तेच आलं. मी कुणाचं लेकरू मांडीवर घेईना. माझी ताटली वेगळी ठेवायला लागलो, वनजाला कारण न सांगता. तपासलं. तो रोग नाही. साखरही नाही. मणक्याचा फोटो काढला, तो ठीक. नसांना वीज लावून बघितलं. एक तरुण डॉक्टरीणबाई पायाला थरथरणारा चिमटा लावून विचारत होती, ‘आता कळतंय?’ मी डोळे मिटून म्हटलं, ‘हो, कळतंय.’ ती म्हणाली, ‘गुरुक्कळ, अजून मी तो लावलाच नाही.’

शेवटी ती म्हणाली, नसा खराब होतायत हे दिसतंय, कशाने ते सापडत नाही. काही जणांचं शोधून शोधूनही सापडत नाही. गोळ्या दिल्यात, काळजी घ्यायला सांगितलीय, रोज तळवा आरशात बघायला सांगितलाय. मला तिचा फार राग आला. मग वाटलं, बिचारी खरं तरी बोलली.

पण पोक्करा, खरी गोष्ट याच्या आधीची आहे.

मेष महिन्यात सुकुमारन आला होता, आपला बस चालवणारा. पाठ धरली होती. मी दोर धरला, पाय टाकला. उजवा पाय होता तोवर सगळं ठीक. डावा टाकला आणि मला वाटलं मी पाठीच्या कडेच्या मांसावर आहे. मी बरगडीवर होतो. जोर वाढवला. तो गप्प. आणखी वाढवला. तो गप्प. मग एक आवाज आला, वाळकी काडी मोडावी तसा. तरीही तो बोलला नाही! आपली रीत ना. पायाखालचा माणूस बोलत नाही. दात आवळून पडून राहिला आणि उठताना माझ्या पाया पडला. चार दिवसांनी छातीला पट्टा बांधून आला आणि मलाच म्हणतो, ‘माफ करा गुरुक्कळ, माझीच बरगडी कच्ची निघाली.’

त्या दिवशी मी दोर सोडवून ठेवला.

मामा म्हणायचा, डोळा फसेल, पाय फसणार नाही. इतकी वर्षं मी कुणाला ‘कुठे दुखतं’ असं विचारलं नाही. पाय टाकला की कळायचं. कोण रात्रभर जागलाय, कुणाचं घरी भांडण झालंय, सगळं कळायचं. देवूला दिवस राहिले ते तिच्या चालण्यावरून मला आधी कळलं होतं. आता माझा पाय मुका झालाय आणि लोक तर आधीपासून मुके. मग मी कशाच्या जोरावर उभा राहू?

तुझी पाठ माझ्या पायाला चालत नाही म्हणालास. अरे गाढवा, तुझी पाठ मोडेल म्हणून मी तुला येऊ नको म्हणत होतो.

कणारन

*

सलाला
१९ जुलै १९९७

कणारा,

मी गाढव. मान्य. वर आणखी जे काय असेल तेही मान्य.

दुकान बंद करून पत्र तीनदा वाचलं. बाहेर इथला पाऊस होता, आपल्यासारखा धो धो नाही, नुसती भुरभुर, पण डोंगर हिरवे झालेत. आपली सगळी माणसं गाड्या काढून ते हिरवं बघायला जातात आणि गप्प बसून परत येतात. मी गेलो नाही. दुकानातच बसून राहिलो. ‘चप्पल विसरलास’ म्हणून मी सगळ्या दुकानाला हसवलं होतं ते आठवत होतं.

तिकीट काढलंय. नाही म्हणू नकोस, ऐकणार नाही. तुझा पाय मुका झाला ना? होऊ दे. माझं तोंड कधी मुकं होतं का? केळूमामाच्या कळरीत जन्मभर मीच एकटा बोलायचो आणि मीच मार खायचो. आता त्या माराचं सार्थक करू. तू दोर बांध. मी पालथा पडतो. तू पाय टाक, मी बोलतो. हळू, जोरात, वर, खाली, डावीकडे, ‘अरे मेलो’, सगळं सांगतो. तुझ्या पायाचं काम माझ्या जिभेवर.

रीत मोडली म्हणून मामा वरून ओरडेल. ओरडू दे. मला सवय आहे.

तोवर रोज तळवा बघत जा. चप्पल पट्ट्याची घे, मागून बंद होणारी. मी इथून आणतो.

तुझा,
पोक्कर

*

सलाला
११ सप्टेंबर १९९७

कणारा,

पोचलो. पुतण्याने दुकान बुडवलं नाही, उलट समोसे सुरू केलेत.

निघताना तू वेशीपर्यंत आला नाहीस. वनजा आली. म्हणाली, अच्छन कळरीत बसलेत. मी आत यायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

रागावलायस ना? रागाव. पण मी का तसं केलं ते ऐक. तू दोर धरलास, माझ्या पाठीला तेल लावलंस, आणि तुझा उजवा पाय मानेवर आला. डोळे मिटले रे मी. मला शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास आला, शेजारी तू बारा वर्षांचा, आणि बाहेर मामाची कोंबडी ओरडतेय. मग तुझा डावा पाय आला. दुखलं. फार दुखलं. मी ‘हळू’ म्हणायला तोंड उघडलं आणि मान वळवून वर बघितलं, तर तुझा चेहरा! इतक्या दिवसांनी तू हसत होतास. ‘बरोबर आहे का पोक्करा?’ म्हणालास. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? म्हटलं, ‘बरोबर. अगदी बरोबर. आणखी दे.’

वनजा नसती तर मी सांगितलंही नसतं. ती पोरगी दारात उभी राहून माझे पाय बघत होती. ‘अच्छन, उतरा. काका खोटं बोलतायत. त्यांच्या पायाची बोटं बघा, कशी आवळलीत.’

तू उतरलास आणि मग आठ दिवस माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोललास.

पाठीवर अजून निळं आहे. ते जाईल. तू पत्र लिही. शिव्या लिही, पण लिही.

पोक्कर

*

पालोळी
२६ ऑक्टोबर १९९७

पोक्करा,

शिव्या नाहीत. कागद महाग झालाय.

रागावलो होतो, खरं. मी डॉक्टरीणबाईंपुढे जे केलं तेच तू माझ्यापुढे केलंस. न कळता ‘कळतंय’ म्हणणं आणि दुखत असताना ‘बरोबर’ म्हणणं, दोघे एकाच कळरीत शिकलो ना आपण! तू गेलास आणि मी दोर पुन्हा सोडवला. वनजाला म्हटलं, कुणाला तरी देऊन टाक, विहिरीला तरी होईल.

तिने दिला नाही. दसऱ्याच्या आदल्या सकाळी बघतो तर दोर आढ्याला बांधलेला आणि खाली चटई. ही साडी खोचून उभी. मला म्हणते, ‘झोपा.’

मी म्हटलं, ‘वेडी आहेस का? दहा वर्षांची होईपर्यंत उड्या मारल्यास, तेवढंच तुझं शिक्षण. आणि मामाकडून भाच्याला जाते ही विद्या, बापाकडून मुलीला नाही.’

ती म्हणाली, ‘भाचा वाकत नाही, मामा वर गेला, आणि तुमचा पाय बोलत नाही. आता राहिलं कोण? तुमची पाठ. झोपा.’

तुझ्यासारखीच तोंडाळ आहे. तूच लहानपणी लाडावून ठेवलीस.

मी पालथा पडलो. पोक्करा, मामा गेल्यापासून मी त्या चटईवर कधी झोपलोच नव्हतो. कायम वर. जमीन जवळून कशी दिसते हेच विसरलो होतो. तिने तेल ओतलं. तिचा पाय आला. अगदीच कच्चा, घाबरलेला, माश्या हाकलल्यासारखा. मी रीतीप्रमाणे गप्प. ती थांबली. ‘बोला,’ म्हणाली. ‘नाही बोललात तर मी उतरणार.’

आणि मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा पायाखालून बोललो. ‘टाच उचल. बोटांवर ये. आता कण्याच्या कडेने, कण्यावर नाही. इथे थांब. श्वास सोडू दे. आता सरक.’ मला हे कुठून सुचत होतं सांगू? मामाचा पाय माझ्या पाठीला पाठ होता! प्रत्येक वळण. मी त्याला विचारायला हवं होतं म्हणालो ना, खडबडीत पाय रेशमासारखा कसा? तर तो आधी पाय अलगद ठेवायचा आणि पायाखालचा श्वास सोडेल तसतसं वजन टाकायचा. माझ्या पाठीने ते एवढी वर्षं जपून ठेवलं होतं आणि मला पत्ता नव्हता. एकदा तिचा पाय बरोबर त्या लयीत आला आणि मला हुंदका आला. ती घाबरून म्हणाली, ‘दुखलं?’ मी म्हटलं, ‘नाही गं. मामा आला होता.’

आता रोज सकाळी बालवाडीच्या आधी हेच चालतं. गावात कुजबुज आहे, गुरुक्कळ मुलीच्या पायाखाली झोपतात म्हणून. पात्तू म्हणते, ‘बरं झालं, बाईच्या पायाखाली कसं असतं ते पुरुषांना कळू दे.’ सुकुमारनला ओणमला बोलावून सांगितलं होतं की बरगडी तुझी कच्ची नव्हती, पाय माझा कच्चा होता. तो रडला. म्हणतो, पुढच्या कर्कटकात वनजाताईकडे पहिला नंबर माझा. मी म्हटलं, दुसरा. पहिला ठरलेला आहे. आणि आमच्या कळरीत आता पायाखालचा माणूस बोलतो. खरं बोलतो. नाहीतर चटईवरून उठवतो आम्ही.

माझा पाय तसाच आहे. घोट्याच्या वरही थोडं चढलंय असं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघत राहू. तू आणलेली पट्ट्याची चप्पल घालतो. वाईट वाटतं का? वाटतं. दोराकडे बघितलं की हात शिवशिवतात.

काल ती पाठीवरून खाली उतरत गेली. मांडी, गुडघा, पोटरी. मी सांगत होतो, इथे ताण आहे, इथे सैल आहे. मग घोटा आला आणि माझं बोलणं बंद पडलं. ती थांबून राहिली. मी म्हटलं, ‘इथून पुढचं मला काही सांगता येत नाही गं. मला तिथलं कळत नाही.’

मला वाटलं, उतरली असेल.

मग ती म्हणाली, ‘गार आहे, अच्छन. बोटांपाशी जरा सुजलाय. पण मी दोर धरून उभी आहे त्याच्यावर. मला कळतोय.’

कणारन